सँपल न काढलेलं गाव

अहो, तुमच्या चपला आज पुन्हा उलट्या करून बघितल्या. तळाला काळी माती आहे. लाल असती तर कोकणाच्या अंगाला गेला होतात असं धरलं असतं, वाळू असती तर समुद्र. पण काळी माती काय, ती आपल्या दारातही आहे. अर्चना म्हणते, "आई, बस की जरा शांत." बसता येत नाही. माणसांनी घर भरलेलं होतं तेव्हा बसून बसून कंबर मोडली, आणि आता माणसं गेली तर एका जागी टिकत नाही. स्वयंपाकघरात जाते, कशाला आले ते विसरते, बाहेर येते आणि पुन्हा तुमची प्रवासाची पिशवी उपसते. पिशवीत टॉवेल, दाढीचं सामान, एक सदरा. तिकीट नाही, चिठोरा नाही.

मला एवढंच हवं आहे. जाण्याच्या त्या आठवड्यात तुम्ही पिशवी घेऊन दोन दिवस कुठं गेला होतात, आणि परत आल्यावर उंबऱ्यात बसून मला काय सांगणार होतात?

तेराव्यालाही मी तुमची पिशवी उपसत होते. आलेल्या लोकांना वाटलं असेल, बाईला नवऱ्याच्या मागं काहीतरी संशय आलाय. बायका कुजबुजल्यासुद्धा. कुणाला सांगणार की आमच्या घरात हे असंच चालायचं, नवरा अधूनमधून पिशवी घेऊन गायब व्हायचा आणि बायको विचारायची नाही. सांगितलं तर खरं वाटणार नाही.

आयुष्यभर तुम्ही चादरीच्या कारखान्यात मास्तर. नवी नक्षी आली की ती थेट मागावर चढवायची नाही. आधी हातभर तुकडा विणायचा, धुऊन बघायचा, रंग जातो का, कापड आकसतं का, मगच मोठं काम. त्याला तुम्ही लोक सँपल काढणं म्हणायचात. कारखान्यात ठीक आहे हो. पण माणूस सहलीचंही सँपल काढतो हे मी लग्नाआधी कुणाकडून ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

मी होटगीची. माझे बाबा रेल्वेत सांधेवाले. ते खटका ओढायचे आणि अख्खी गाडी या रुळावरून त्या रुळावर जायची. एक फाटा वाडीकडं, एक विजापूरकडं. सुट्टीत पास असायचा, आणि बाबा म्हणायचे, चला, पहिली येईल ती आपली. कधी गुलबर्ग्याला जाऊन नुसती भजी खाऊन आलो, कधी कुठल्यातरी ठेसनावर लिंबाखाली झोपून. प्रवास म्हणजे असाच असतो असं समजून मी तुमच्या घरात आले. आणि तुमच्या घरात पंढरपूरला जायचं तरी आधी माणूस पाठवून धर्मशाळेतला नळ बघायची पद्धत!

पहिल्याच सहलीत आपलं वाजलं. हंपीला निघालो होतो. मध्येच एका ठेसनावर गाडी थांबली आणि मला खिडकीतून आठवड्याचा बाजार दिसला. मिरच्यांचे ढीग, बांगडीवाल्या, बैलांच्या गळ्यातले गोंडे. मी उतरले. तुम्ही वरून ओरडताय, "अगं, कुटं निघालीस? तिकीट पुढचं हाय!" आणि मी म्हणतेय, "तिकीट काय पळून जातंय व्हय?" तिकीट नाही पळालं, गाडी गेली. तुम्ही ट्रंकेसकट कसेबसे उतरलात. त्या दिवशी पुढं गाडीच नव्हती. एका गुरुजींनी शाळेचा व्हरांडा दिला. मी खुशीत होते, हातात नव्या बांगड्या होत्या. तुम्हाला मात्र तिथलं पाणी बाधलं, आणि हंपीतली एकही देवळाची पायरी न चढता आपण सोलापूरला परत आलो. तेव्हापासून तुमच्या तोंडी कुठल्याही गावाबद्दल पहिला प्रश्न एकच असायचा, पाणी कसं आहे?

पुढच्या वर्षी तुम्ही मला न सांगता आधी एकटे जाऊन आलात. मग मला घेऊन गेलात, आणि गाडीत बसल्यापासून सुरू झालात. आता बोगदा येईल. आता उजव्या हाताला तळं. ह्या देवळाचा पुजारी लई बोलतो, त्याच्याकडं बघायचं न्हाई. दुपारपर्यंत मी ऐकलं, मग भर रस्त्यात मटकन खाली बसले. म्हटलं, "तुमीच बघितलंय की सगळं. मला कशाला आणलं? साक्षीदार म्हणून?" लोक थांबून बघायला लागले. तुम्ही लाजून लाल, पण मी उठले नाही.

त्या रस्त्यात बसूनच आपला करार झाला. तुम्ही सँपल काढायचं. पण मला एक अक्षर सांगायचं नाही. गावाचं नावसुद्धा ठेसनावर गाडी आल्यावर कळायचं. निघताना तुम्ही फक्त "स्वेटर घे" किंवा "स्वेटर नको" एवढंच म्हणणार. तुमचं बेतणं तुमच्याकडं, माझं अचानक माझ्याकडं. आपल्या नात्यात एवढा चोख न्याय दुसरा झाला नाही.

आणि तुमचं ते नाटक! पहिल्यांदाच आल्यासारखं तोंड करायचं तुम्हाला कधी जमलं नाही. बदामीला आठवतंय? तळ्याकाठी हात कपाळाला लावून म्हणालात, "अरे वा, हितं चहाची टपरी दिसती की!" आणि टपरीवाला आतून ओरडला, "या या मास्तर! परवाच गेलात, लगेच आलात?" मी चहाचा पेला तोंडाला लावून हसू दाबलं. तुम्ही कान खाजवत तळ्याकडं बघत बसलात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते तुमच्या तोंडावर स्वच्छ पडलेलं असायचं. पण एक खरं सांगते, त्या टपरीचा चहा फार छान होता. तुम्ही आधी चार ठिकाणचा पिऊन बघितला असणार.

भांडण मिटलं असं मात्र नाही. करारात एक भोक राहिलं होतं. कधी कधी तुम्ही सँपलला जायचात, परत यायचात, आणि पुढं काहीच व्हायचं नाही. मी वाट बघायची, आता स्वेटर म्हणतील. महिना जायचा. शेवटी विचारलं की म्हणायचात, "ते राहू दे. पाणी बरोबर न्हाई." किंवा "सावली न्हाई गं, तुला ऊन लागंल." मी चिडायची. तुम्ही कोण माझ्या वतीनं गावं नापास करणारे? नापास झालेली ती सगळी गावं मला बघायची होती. तुम्ही म्हणायचात, "वाईट बघायला पैसे घालवून कुणी जातं का?" मी म्हणायची, "वाईट हाय का न्हाई ते मी बघितल्यावर ठरंल की." यावर तुम्ही अंघोळीला निघून जायचात. कितीदा तरी तुम्ही असे अंघोळीला गेलात.

आणि त्या दिवशी परत आलात. मी शेंगा निवडत होते. तुम्ही उंबऱ्यात बसलात, चपला काढल्या, पाणी मागितलं नाही. म्हणालात, "ऐक की. ह्या खेपेला एक सांगायचंय." मी दोन्ही कानात बोटं घातली. "करार म्हंजे करार. एक अक्षर न्हाई." तुम्ही हसलात. "बरं, राहिलं," म्हणालात आणि आत जाऊन आडवे झालात.

मला त्याचं वाईट वाटत नाही. आज परत तो प्रसंग आला तर मी परत कानात बोटं घालीन. आपला खेळच तो होता, आणि तुम्हीही हसलातच की. पण तुम्ही खेळ अर्ध्यावर टाकून जाल हे कुणी ठरवलं होतं? ज्या माणसानं आयुष्यात एक डबा बेताशिवाय भरला नाही, तो दुसऱ्याच दिवशी सकाळी दाढी करता करता आरशासमोर खाली बसतो आणि जातो? साबण वाळायच्या आत? एवढी अचानक तर मीही कधी कुठं निघाले नाही.

त्यात तुमच्या मंगळवेढ्याच्या आत्या. माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "रडू नगं. त्यो पुढं जागा बघाया गेलाय तुझ्यासाठनं. त्याला सवयच हाय." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या, डोळे पुसले. मला एवढा राग आला! मी त्यांचा हात झटकला. म्हटलं, "आत्या, पुढं बघायला गेलेला माणूस परत यायचा. पिशवी ठेवायचा, पाणी प्यायचा. त्याला सँपल म्हणतात. हे ते न्हाई." अर्चनानं मला आत नेलं. आत्यांनी मायेनंच म्हटलं होतं, कळतं मला. पण तुमच्या आयुष्यभराच्या कामाला लोकांनी असं कशालाही चिकटवलेलं मला खपत नाही.

या सगळ्या दिवसांत तुमचा नरसय्या रोज यायचा. दारात बसायचा, चहा घ्यायचा, आणि माझ्याकडं बघायचा नाही. एरवी "वैनी, वैनी" करत स्वयंपाकघरापर्यंत येणारा माणूस. तीस वर्षं एका कारखान्यात तुमच्या शेजारी उभा राहिलेला. मला तेव्हाच वाटलं, याला काहीतरी माहीत आहे.

परवा अर्चना बँकेत गेली आणि मी पायात चपला घालून थेट भवानी पेठेत त्याच्या घरी गेले. त्याची बायको अंगणात टॉवेलाच्या दशा वळत बसली होती. मला बघून तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि चहा टाकायला उठली. नरसय्या बाहेर आला. मी म्हटलं, "नरसय्या, दोन दिवस कुठं गेले होते ते?"

तो खाली बघत म्हणाला, "कुटं न्हाई वैनी."

"मला फसवू नका."

"आई शप्पत. कुटंच न्हाई गेला. हितं होता. ह्याच बाजेवर."

मला कळेना. तो म्हणाला, "सकाळी पिशवी घिऊन आला. ठेसनावर गेल्ता म्हने. पुलावर चढला, गाड्या बघितल्या, उतरून हिकडं आला. म्या इचारलं, ह्या खेपेला कुटलं सँपल? तर म्हनला, नरसय्या, लई सँपलं काढली. आता एक काम डायरेक्ट मागावर चढवू. तिला सांगनार हाय, ठेसनावर जाऊ, पयली येईल त्या गाडीत बसू. म्याबी न्हाई बघनार आदी. बघू तरी ती म्हनती तसं कसं लागतंय."

"मग लगेच घरी का नाही आले?"

"म्हनला, सवयीनं पिशवी भरून निघालो, आता लगीच घरी गेलो तर ती हसंल. दोन दिस ऱ्हातो, मग जातो. दोन दिस आमी पत्ते खेळलो."

चहा आला. मी तो तसाच ठेवला. मी विचारलं, "पुलावर चढताना धाप लागली होती का त्यांना?"

नरसय्यानं बाजेची सुटलेली दोरी आत खोचली. मग म्हणाला, "थोडी. पन हसत हुता, वैनी. लई हसत हुता."

घरी कशी आले ते आठवत नाही. नव्या पेठेतून आले असणार, कारण एका रिक्षावाल्यानं शिवी दिलेली आठवते. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले होते. तुम्ही हार मानायला उंबऱ्यात येऊन बसला होतात. आणि ज्याच्यासमोर तोरा मिरवायचा तो माणूसच नाही. कुणाला सांगू, बघा, शेवटी माझंच खरं झालं? अर्चनाला सांगितलं तर ती रडायला लागली. मला रडणारं माणूस नको होतं हो. मला चिडलेलं, कान खाजवणारं, अंघोळीला पळणारं माणूस हवं होतं.

आणि जिंकले तरी का? तेवढं तरी सांगा. तुम्हाला खरंच पटलं होतं, का पायऱ्या चढताना छातीत काहीतरी झालं आणि तुमच्या लक्षात आलं की आता आधी एकदा आणि मग एकदा असं दोनदा जाणं काही जमणार नाही? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची थोडी आधीच गेली, आणि तेच मला खटकतंय. तुम्ही मनानं मान्य केलं असेल तर मी नाचीन. पण तुमच्या छातीनं मान्य केलं असेल तर मला ते जिंकणं नको. घ्या परत. नरसय्या म्हणतो हसत होता. तुम्ही तर टपरीवाल्यानं पकडल्यावरही हसायचात. हसण्यावरून काय कळणार?

अर्चनानं माझा सगळा बेत आखलाय. तुमचीच मुलगी. रविवारी पुण्याला न्यायचं, वरच्या खोलीत खिडकीजवळ पलंग, सकाळी बागेत दोन फेऱ्या, गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेऊन ठेवलीय. चांगलं आहे सगळं. तिच्या डोळ्यांत तुमच्यासारखी काळजी आहे. मी म्हटलं, "येते. पण आधी एक दिवस मला बाहेर जायचंय."

"कुठं?"

"मलाबी ठाऊक न्हाई."

"एकटी? आई, डोकं फिरलंय का तुझं?"

मी म्हटलं, "डोकं पहिल्यापासून फिरलेलंच आहे. तुझे बाबा धरून ठेवायचे."

काल सकाळी निघाले. ठेसनावर तिकिटाच्या खिडकीवरच्या पोरीला म्हटलं, पहिली गाडी कुठली? ती म्हणाली, "मावशी, कुठं जायचंय ते सांगा." मी म्हटलं, पहिली जाईल तिथं. मागच्या रांगेतून आवाज यायला लागले. शेवटी तिनं एका पॅसेंजरच्या शेवटच्या ठेसनाचं तिकीट माझ्या हातात कोंबलं. होटगी आलं, गेलं. माहेरच्या ठेसनावर मी उतरले नाही, नुसता रूळ बदलताना खडखडाट ऐकला. मग एका ठेसनावर गाडी उगाच थांबून राहिली तेव्हा मी उतरले. काही दिसलं म्हणून नाही. तिथं काहीच दिसत नव्हतं. गावाचं नाव सांगणार नाही. करार आहे.

अहो, इतकं वाईट गाव मी आजवर बघितलं नव्हतं. ठेसनापासून गावापर्यंत एक झाड नाही. हॉटेल म्हणून जे होतं त्याला कुलूप. देवळालाही कुलूप, आणि किल्लीवाला म्हणे बाजाराला गेलाय. हापशाचं पाणी तोंडात घेतलं तर खारट, थुंकून टाकलं. तळं म्हणून पाटी होती, तळ्यात चिखल आणि एक म्हैस. मी देवळाच्या कट्ट्यावर टेकले, दगड तापलेला, पदर खाली घालून बसले. कडक भाकरी आणली होती ती चटणीशी खाल्ली, पाण्यावाचून. ठसका लागला.

मी चालताना, वळताना, बसताना एका बाजूला जागा सोडत होते. ते कट्ट्यावर माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं मी गाडीतून कुठंही उडी मारायची, कारण ट्रंक घेऊन मागून उतरणारं माणूस होतं. मी नव्या गावात जायची ती तुम्ही आधी पाणी पिऊन बघितलेल्या गावात. माझं सगळं अचानक तुम्ही पायी चालून आधी मोकळं करून ठेवलेलं होतं. याबद्दल तुम्हाला कधी बरं म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही ते पुढच्या भांडणात वापरलं असतं. आता वापरता येत नाही, म्हणून म्हणते. फार चांगलं केलंत. फार चांगलं फिरवलंत मला.

एक म्हातारी शेळ्या घेऊन आली, थांबली. कानडीत विचारलं, "ओब्बरे बंदीरा?" एकट्याच आलात का?

मला कानडी येतं, होटगीत लहानपणी सगळ्यांनाच येतं. नुसतं होय म्हणायचं होतं. मी मान हलवली. हो का नाही, तिला काय कळलं कुणास ठाऊक. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. ते गोड होतं. दुसऱ्या कुठल्या विहिरीचं असणार. ती शेळ्या हाकत गेली आणि मी तिथंच बसून राहिले.

परतीची गाडी यायला वेळ होता. तुम्ही आधी येऊन गेला असतात तर मला या गावात कधीच आणलं नसतं. आल्या पावली नापास केलं असतं. हे मला पक्कं कळत होतं. आणि तरी गाडीची शिट्टी ऐकू येईपर्यंत मी त्या तापल्या कट्ट्यावर तुमचीच वाट बघत होते, की तुम्ही आता कान खाजवत याल आणि म्हणाल, "ऊठ गं, हितं काय न्हाई. चल, पुढं जाऊ."